गॅरेजमधला चहा

ताई,

मी मूळची सांगलीची. लग्नाला दहा वर्षं झाली, तेव्हापासून युटामध्ये लीहायला राहते. नवरा इथलाच, मॉर्मन घरातला. लग्न कोर्टात झालं. मी धर्म बदललेला नाही आणि त्यानंही कधी आग्रह धरला नाही. थोरली मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची. मुलं बाबांच्या चर्चमध्ये जातील हे लग्नाआधीच ठरलं होतं, माझी हरकत नव्हती.

गेल्या वर्षी नवऱ्याला वॉर्डात, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या मंडळीत, बिशपचा सहायक नेमलं. आता दर रविवारी तो पुढे व्यासपीठावर आणि मी खाली बाकावर तिघांना घेऊन एकटी. घरी चहा प्यायचा तर मी गॅरेजमध्ये जाते. सासूबाई जवळच राहतात, केव्हाही येतात, आणि मुलांनीही बघू नये असं वाटतं. मागच्या महिन्यात थोरली माझ्या मागोमाग आली. दारात उभी राहून म्हणाली, "आई, चहा पिणाऱ्यांना टेंपलमध्ये जाता येत नाही. मग नंतर, मेल्यावर, तू आमच्याबरोबर नसशील का?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

मार्चमध्ये ती आठ वर्षांची होईल. बाप्तिस्मा तेव्हाच, असं सगळे धरून चाललेत. सासूबाईंनी पांढऱ्या फ्रॉकचं कापडही आणून ठेवलंय. इकडे सांगलीहून आई दर फोनला विचारते, "पोरांना बाटवलं का गं?" नवरा पगाराचा दहावा हिस्सा चर्चला देतो, त्यावरून आता माझ्या पगाराचीही गोष्ट निघते. नवरा चांगला आहे, सासर प्रेमळ आहे. पण माझ्याच घरात मी पाहुणी झालेय. काय करू?

— लीहायहून एक आई

*

तुझ्या पत्रातलं ते गॅरेज माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बाहेर थंडी, गाडीच्या बाजूला मुलांच्या सायकली, आणि तू कप हातात घेऊन घाईघाईनं घोट घेतेयस. तुझे बाकीचे प्रश्नही मोठे आहेत, पण मी या कपापासून सुरुवात करणार आहे, कारण मुलीचा प्रश्न तिथेच उभा राहिला.

आधी एक सांगते. मी स्वतः सॉल्ट लेकच्या खोऱ्यात नऊ वर्षं काढली आहेत. दोन्ही बाजूंना याच चर्चची घरं होती. माझा धाकटा झाला तेव्हा माझी आई व्हिसाअभावी येऊ शकली नाही, आणि ज्या बायकांची मला नावंही नीट ठाऊक नव्हती त्या आठ दिवस रोज संध्याकाळी जेवण घेऊन दारात यायच्या. चीज घातलेल्या बटाट्यांचा तो त्यांचा ठरलेला पदार्थ, गरम पाव, आणि थोरल्यासाठी वेगळा डबा. माझ्या चर्चमध्ये ये, असं एकीनंही म्हटलं नाही. तेव्हा त्या लोकांबद्दल माझ्या मनात आकस नाही, कृतज्ञता आहे. तुझं सासर प्रेमळ आहे असं तू लिहितेस त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रेमळ घरातच असे प्रश्न जास्त अवघड होतात. भांडायला कुणी समोर नसतं.

आता चहा. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. १८३३ साली या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी आहाराविषयीची एक आज्ञा सांगितली. तिला ते 'वर्ड ऑफ विज्डम' म्हणतात. तीत दारू आणि तंबाखूबरोबर 'गरम पेयं' वर्ज्य आहेत, आणि गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी असा अर्थ चर्चनं लावला आहे. गरम कोको चालतो, वनस्पतींचे काढे चालतात. चालत नाही ती चहाची पत्ती, मग ती काळी असो की हिरवी. टेंपलमध्ये, म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळ्या, खास विधींच्या मंदिरात जाण्यासाठी जी मुलाखत द्यावी लागते तीत हा नियम पाळतोस का, असं विचारलं जातं. म्हणजे तुझी मुलगी चुकीचं काही बोलली नाही. वर्गात जे ऐकलं त्याची तिनं सरळ बेरीज केली.

पण हा नियम कुणावर? ज्यानं तसा शब्द दिला आहे त्याच्यावर. तू तो दिलेला नाहीस. तुझ्या नवऱ्यालाही हे माहीत आहे, सासूबाईंनाही माहीत आहे. तुझ्या चहाला त्यांच्या धर्मानं पाप म्हटलेलं नाही. पाप म्हटलं ते तुझ्या गॅरेजनं. आई एखादी गोष्ट चोरून करते म्हणजे ती वाईटच असणार, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून चहा स्वयंपाकघरात आण. ओट्यावर आधण ठेव, आलं ठेच, टेबलाशी बसून पी. सासूबाई आल्या तर कप लपवू नकोस आणि माफीही मागू नकोस. "तुमच्यासाठी काय करू?" एवढंच विचार. पहिल्या दिवशी तुझे हात थरथरतील, मला ठाऊक आहे. चौथ्या दिवशी कुणी बघणारही नाही.

तिथल्या आशियाई दुकानांत गवती चहा मिळतो. तो, आलं, वेलची, दूध, साखर. पत्ती अजिबात नाही. नावात चहा असला तरी ते त्यांना चालणारं पेय आहे. नवऱ्याला एकदा विचारून घे आणि मग मुलांना तो करून दे. एका ओट्यावर दोन भांडी. मुलीला दोन्हींतला फरक नीट समजावून सांग: हे आईचं, हे सगळ्यांचं. सात वर्षांच्या मुलाला एवढा फरक सहज कळतो.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र चहानं मिळणार नाही, ते शब्दांनीच द्यायला हवं, आणि तू एक महिना ते दिलेलं नाहीस. मुलं असे प्रश्न विसरत नाहीत. पुन्हा विचारायचे नाहीत एवढंच ठरवतात.

तिला जवळ घेऊन आधी तू बोल. मरणानंतर काय असतं यावर वाद घालू नकोस, तिच्या वर्गातल्या बाईंना खोटं पाडू नकोस. "मी तुझी आई आहे आणि मी तुला सोडून कुठं जात नाही. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, पण मी रोज त्याचा विचार करत होते." एवढं पुरे. नंतर तिच्या बाबांनी बोलायचं, आणि तेही तुझ्यासमोर. ही भीती त्या बाजूनं आली आहे, ती त्याच बाजूनं जायला हवी.

नवऱ्याशी आधी एकटीनं बोल, मुलं झोपल्यावर. वादाच्या सुरात नको. मुलीचं वाक्य जसंच्या तसं त्याला सांग. मला वाटतं, त्याला ते ठाऊकच नाही. त्याच्या श्रद्धेत कुटुंब टेंपलमधल्या विधीनं कायमचं बांधलं जातं, मरणापलीकडेही. हा विश्वास त्या लोकांना फार प्रिय असतो, लहानपणापासून त्यावर गाणी म्हणतात, आणि ज्या घरात एक पालक त्या विधीत नाही, तिथलं मूल याच विश्वासाची उलटी बाजू बघतं. पण त्याच धर्मात हेही आहे की मरणानं दार बंद होत नाही. मेलेल्या पूर्वजांसाठीसुद्धा ते लोक बाप्तिस्म्याचा विधी करतात, तो यासाठीच. तेव्हा त्याला सरळ विचार: "तुला मनापासून काय वाटतं? मी नसेन?" त्याचं उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे, पण ते तू त्याच्या तोंडून ऐकायला हवंस. आणि मग तुझ्या लेकीनं.

प्रायमरीच्या, म्हणजे चर्चमधल्या लहान मुलांच्या रविवारच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनाही त्यानं हे सांगावं. त्या काही शिकलेल्या धर्मगुरू नसतात. तुझ्यामाझ्यासारखीच गल्लीतली कुणीतरी, रविवारी वर्ग घे म्हणून सांगितलेली. माझ्या शेजारीण तो वर्ग घ्यायच्या. शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर रंगीत कागद कापत बसायच्या. एकदा एका मुलाचे वडील चर्चमध्ये नाहीत हे न कळून त्या काहीतरी बोलून गेल्या होत्या. मला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुझ्या मुलीच्या बाईंनाही ठाऊक असेल तर पुढच्या वेळी त्या शब्द जपून वापरतील.

आता रविवार. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना वाटेल, बाकावर दोन तास बसायला काय जातं. पण मी एकदा शेजारणीच्या मुलाच्या कार्यक्रमाला गेले होते, तेव्हा पाहिलंय. पांढऱ्या शर्टांतली बारा-तेरा वर्षांची मुलं पावाच्या तुकड्यांची तबकं घेऊन ओळीओळीनं फिरतायत. द्राक्षारस नाही, नंतर छोट्या पेल्यांत साधं पाणी. सगळं शांत. आणि त्या शांततेत कुणाच्या तरी पिशवीतून चीरिओज जमिनीवर सांडतात, एक बाळ तबकातला पाव मूठभर उचलतं, दुसरं बाकाखालून सरपटत तीन ओळी पुढे जातं. त्याची आई वाकून वाकून चालत बाहेर निघते. बाहेरच्या व्हरांड्यात आणखी चार आया उभ्या, भिंतीवरच्या स्पीकरमधून आतलं भाषण ऐकत, कडेवर रडणारी मुलं. त्यांतल्या बहुतेकींचा स्वतःचा धर्म तरी तो होता. तू हे सगळं नवऱ्याच्या धर्मासाठी करतेस, आणि तो समोर उंचावर बसलेला असतो.

२०१८ संपेपर्यंत हे तीन तास चालायचं. जानेवारी २०१९ पासून दोन झाले, पहिला तास सगळ्यांचा आणि दुसऱ्या तासाला वर्ग. धाकटी अठरा महिन्यांची झाली की नर्सरीत जाईल. म्हणजे चार महिन्यांनी दुसरा तास तुझा मोकळा होईल. पण पहिल्या तासाचं काय? तिथं माझं मत स्पष्ट आहे: नवऱ्यानं खाली यायला हवं. त्या चर्चमध्ये बिशप आणि त्याचे सहायक पगारी नसतात, सगळे नोकरीधंदा सांभाळून हे करतात आणि सगळ्यांनाच पोरंबाळं असतात. "माझी तीन लहान आहेत, बायको सदस्य नसून त्यांना सांभाळून बसते, मी काही रविवार खाली बसेन," असं त्यानं बिशपना सांगण्यात काहीच वावगं नाही. आणि नाही म्हणायचीही वेळ आली तर म्हणावं. कुटुंब पहिलं, असं सांगणारं चर्च आहे ते. त्यांचंच वाक्य त्यांच्यासमोर ठेवायचं.

ज्या रविवारी तो वर असेल त्या रविवारी सासूबाईंनी तुझ्या बाकावर बसावं. त्यांना सांग. कदाचित त्या वाटच बघत असतील. आणि महिन्यातून एक रविवार तू घरी राहा. मी असते तर पहिला रविवार निवडला असता. त्या दिवशी मोठ्यांचा उपास असतो, दोन जेवणं सोडायची, तीही निर्जळी, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. लहान मुलांना उपास नसतो, पण भुकेलेला बाप आणि कंटाळलेली पोरं हा मेळ काही बरा नाही. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीच्या उपासापुढे तो फार कडक आहे, मला त्यांचं नेहमी कौतुक वाटायचं. तू त्या दिवशी धाकटीला घेऊन घरी थांब, झोप काढ आणि सगळे परत येतील तेव्हा गरम वरणभात तयार ठेव. तुझा धर्म न बदलताही त्या दिवसात तुझा वाटा असेल.

वाटा हाच माझ्या सांगण्यातला मुख्य शब्द आहे. तू पाहुणी झालीस कारण मुलांच्या धर्माचं सगळं खातं तू नवऱ्याच्या नावावर केलंस आणि स्वतः बाजूला उभी राहिलीस. ते सौजन्यानं केलंस, मला दिसतं. पण मुलांना तुझं सौजन्य दिसत नाही. रोज प्रार्थना होते तेव्हा आई भांडी घासत असते, एवढंच त्यांना दिसतं.

सोमवारची संध्याकाळ बघ. फॅमिली होम इव्हनिंगची ही प्रथा १९१५ पासूनची आहे, आणि १९७० मध्ये त्यासाठी सोमवार ठरला. त्या रात्री चर्चचे दुसरे कार्यक्रम ठेवत नाहीत. एक गाणं, एक प्रार्थना, छोटासा धडा, मग खेळ आणि खाऊ. बऱ्याच घरांत भिंतीवर तक्ता असतो आणि नावं आळीपाळीनं फिरतात: आज गाणं कुणी सांगायचं, धडा कुणाचा, खाऊ कुणाचा. तुझ्या घरच्या तक्त्यावर तुझं नाव फक्त खाऊपुढे असतं का गं? धड्यापुढे लिही. तुझी पाळी येईल तेव्हा गणपतीनं आईबापाला प्रदक्षिणा घातल्याची गोष्ट सांग, आणि मराठीत सांग. मुलाला मधे बसवून मुलीला गोल फिरायला लाव. खाऊला शंकरपाळे. नवऱ्याला आधी कल्पना दे, म्हणजे त्यालाही त्यात मजा घेता येईल. त्याच्या पाळीला त्याचे ग्रंथ, तुझ्या पाळीला तुझ्या गोष्टी. किती तुझं, किती त्याचं, हे मोजत बसू नका. मोजायला लागलात की मुलंही मोजतात.

रात्रीच्या प्रार्थनेलाही जाऊन बस. तुझ्या मुलाला तू पाहिलं असशील, डोळे घट्ट मिटून, मान खाली, आणि दोन्ही हात छातीशी बांधून. त्यांच्याकडे लहान मुलांना हात जोडायला नाही, हातांची घडी घालायला शिकवतात. आपल्याकडे बालवाडीत 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणजे गप्प बसण्याची शिक्षा. सांगलीच्या आजीसमोर व्हिडिओ कॉलवर, देवापुढे दिवा लागलेला असताना, तो असाच उभा राहिला तर तिला वाटणार, पोरगं अकडू झालंय. तिला सांग की तो नमस्कारच करतोय. आणि त्याला हात जोडायलाही शिकव. चार वर्षांच्या मुलाला दोन्ही जमतं.

सासूबाईंचं कापड. ते तुला लागलंय, आणि लागणं योग्यच आहे. पण त्या कापडावरून सुरुवात करू नकोस. त्यांच्या तळघरात जा. बहुतेक घरांत असतात तसे त्यांच्याकडेही गव्हाचे डबे असतील, वर्षानुवर्षं टिकणारे, मोठमोठे पत्र्याचे डबे, आणि पीठ दळायचं छोटं यंत्र. अडीअडचणीसाठी घरात धान्य भरून ठेवावं ही त्यांच्या चर्चची जुनी शिकवण आहे. पूर्वी वर्षभराचं म्हणत, आता निदान तीन महिन्यांच्या जेवणाचं आणि त्याखेरीज टिकाऊ धान्य. तुझ्या आईनं मे महिन्यात गच्चीवर गहू वाळवून, एरंडेल चोळून, कडुलिंबाचा पाला घालून कोठी भरली नाही का? या दोन बायका एकमेकींना न भेटता एकच काम करत आल्या आहेत. एक दिवस सासूबाईंकडे गहू दळ. बारीक दळ, कणीक अर्धा तास भिजू दे, आणि त्यांना चपाती लाटायला शिकव. पोळपाटाशी उभं राहून जे बोलता येतं ते दिवाणखान्यात बोलता येत नाही. तिथं सांग: "कापड सुंदर आहे. पण तारीख आम्ही दोघांनी अजून ठरवलेली नाही. ठरली की तुम्हाला पहिल्यांदा सांगू. तोवर घडी घालून ठेवा."

आणि ती तारीख खरंच तुम्ही दोघांनीच ठरवायची आहे. तू लिहिलंस त्यावरून वाटतं की हे आपोआप होणार असं तू मानून बसली आहेस. तसं नाही. अल्पवयीन मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी ज्यांच्या ताब्यात मूल आहे त्या पालकांची परवानगी लागते, असा चर्चचा स्वतःचाच नियम आहे. तिला काय शिकवलं जाणार हे पालकांना ठाऊक असावं आणि त्यांनी तिला आधार द्यावा, अशीही अपेक्षा आहे. त्याआधी बिशप मुलीशी बोलतात. म्हणजे तुझ्या होकाराला वजन आहे. म्हणून तो दमून देऊ नकोस, आणि राग काढायला अडवूही नकोस.

आठ हे वय त्यांच्याकडे जबाबदारी कळण्याचं मानतात, त्याआधी बाप्तिस्मा देतच नाहीत. पण आठ ही शेवटची तारीख नव्हे. नवव्या वर्षी, बाराव्या, विसाव्या वर्षीही होतो. फरक इतकाच की नऊनंतर तो नव्यानं आलेल्या सदस्यासारखा धरतात, मिशनरी येऊन धडे देतात. शिवाय चुलतभावंडांचे आठव्या वर्षी झाले आणि हिचा नाही, हे तिला बोचेल. ते बोचणं मी कमी लेखत नाही. त्या गावात, त्या शाळेत, ते फार मोठं असतं.

तरीही मी सांगेन, आधी भीती जाऊ दे, मग तारीख धरा. सासूबाई नसताना, तुम्ही दोघं तिला समोर घेऊन विचारा, तुला हे का करायचंय? बाबा तिला हातानं पाण्यात पूर्ण बुडवून वर काढणार, सगळे बघायला येणार, याचा तिला आनंद असेल, देवावर तिचं तिच्या वयाइतकं प्रेम असेल, तर तू हो म्हण आणि पहिल्या ओळीत बस. टॉवेल तुझ्या हातात असू दे. ओली मुलगी बाहेर येईल तेव्हा तिला पहिल्यांदा तू पुसायचंस. पण "नाहीतर मी पण हरवेन" असं काही तिच्या बोलण्यात आलं, किंवा "आईला राग येईल म्हणून नको" असं आलं, तर मार्च जाऊ दे. दोन्ही उत्तरांत ती देवाबद्दल बोलत नसून तुमच्या दोघांबद्दल बोलतेय. आणि बाप्तिस्मा झाला तरी साउथ जॉर्डनच्या गणपतीच्या देवळात ती तुझ्याबरोबर येणार, सांगलीला आजीच्या देवघरात बसणार, हे नवऱ्याशी आत्ताच बोलून ठेव. त्यात त्याला काही वाटेल असं मला वाटत नाही. स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात होळीला रंग उधळणाऱ्यांत त्याच्याच चर्चची किती तरुण मुलंमुली असतात, हे त्यानंही पाहिलं असेल.

दशांशाचं मी लांबवत नाही. त्याच्या पगाराचा दहावा भाग हा त्याचा देवाशी असलेला करार आहे, तो तुला लग्नाआधी माहीत होता. तुझा पगार त्या करारात नाही. तू आईला पाठवतेस ते पाठवत राहा, आणि घरखर्चाचा हिशेब वर्षातून एकदा दोघांनी कागदावर मांडा.

राहिली आई. 'बाटवलं' हा शब्द तुला झोंबतो, पण तो तिनं शोधलेला नाही. गोव्यात-कोकणात त्या शब्दामागे जबरदस्तीचा काळ आहे, आणि पुढे देशावरही ज्या घरातलं कुणी ख्रिस्ती झालं त्या घरानं काय सोसलं ते लोकांनी पाहिलं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं होतं. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नंतर नवऱ्याकडे परत येऊनही आपलं सोवळं सांभाळत होत्या, आणि १९०० साली ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या वेळेनं. तू त्या वाटेनं जावंस असं मी म्हणत नाही, जाशील असंही नाही. एका घरात दोन श्रद्धा आणि मधे लहान मूल, हे मराठी बाईनं याआधी निभावलेलं आहे, एवढंच तुझ्या आईला आणि तुला आठवावं म्हणून लिहिलं. आईला सांग, "अजून काही झालेलं नाही. होणार असेल तर फोटोतून कळणार नाही, मी आधी सांगेन." तिला खरी भीती नातवंडं परकी होण्याची आहे. रोज पाच मिनिटं मराठीत तिच्याशी बोलणारी नात तिला परकी वाटणार नाही, तिचा बाप्तिस्मा झालेला असला तरी.

याला जोडून एक काळजीची गोष्ट. त्या चर्चच्या घरांत वंशावळीचं फार वेड असतं, सॉल्ट लेकला त्यांचं मोठं ग्रंथालयच आहे. एखाद्या सोमवारी मुलांना दोन्हीकडची झाडं काढायला लाव: इकडे बाबांचे खापरपणजोबा, तिकडे सांगलीचे. आईला फोन लावून नावं विचार, तिला इतका आनंद होईल की बघ. कुलवृत्तांत असेल तर तो काढेल. पण ते झाड कागदावरच असू दे. संगणकावर चढवण्याआधी नवऱ्याशी बोल, कारण त्या यादीतल्या मृतांसाठी टेंपलमध्ये विधी केले जाऊ शकतात. ११० वर्षांच्या आत जन्मलेल्यांसाठी जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते, असा त्यांचा नियम आहे. तुझ्या वडिलांच्या बाबतीत ती परवानगी आईकडे मागायची वेळ येऊ नये, असं नवऱ्याला आजच सांग. त्याचा हेतू वाईट नसेल, पण आईला ते नंतर कळलं तर तो घाव भरायचा नाही.

पत्र लांबलं. तू हे वाचशील तेव्हा तिकडे बहुधा सकाळ असेल. दुपारी थोरली शाळेतून येईल. ती यायच्या वेळेला ओट्यावर दोन भांडी चढव, एकात पत्ती, एकात गवती चहा. तिला स्टुलावर उभी कर आणि वेलची कुटायला दे. तिचं कुटून होईपर्यंत तू काही बोलू नकोस, ती बोलेल.